हेलसिंकीचे पदक आणि त्यामागील ऋण

दिनांक २३ जुलै १९५२ रोजी फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे कराडनजीकच्या गोळेश्वर गावच्या एका मल्लाने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक होय. त्या मल्लाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. पदकाची वार्ता सर्वश्रुत आहे. परंतु ते कोणाच्या पैशाने आले आणि त्या पैशाची फेड कशी झाली, हा या चरित्रातील अधिक मननीय भाग आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील स्वतः कुस्तीगीर. त्यामुळे आखाड्याची माती मुलाच्या अंगाला बालपणीच लागली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, तो प्रवास कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयामुळे घडला. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर लढावे लागले. गादीवर पाय निराळा रोवावा लागतो, गुणांचे नियमही निराळे. तरीही सर्वांत हलक्या वजनाच्या गटात त्यांनी सहावा क्रमांक पटकाविला.

पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. परंतु १९५२ साली हेलसिंकीला जाण्याचा खर्च कोठून आणावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या मनगटावर गुरूने घर पणास लावावे, अशी उदाहरणे विरळाच.

हेलसिंकीस खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांवर त्यांनी मात केली. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामादबेयोव यांच्याकडून त्यांस हार पत्करावी लागली. इशी यांनी त्या गटाचे सुवर्णपदक जिंकले. त्या ऑलिंपिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्णपदक ठरले.

परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल खाली बसला, तरी गुरूचे घर गहाणच होते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडविले. जागतिक कीर्तीच्या मल्लाने कीर्तीचा पहिला उपयोग केला तो ऋणमुक्तीसाठी!

१९५५ साली ते मुंबई राज्याच्या पोलीस दलात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती मृत्यूने त्यांस गाठले. तोपर्यंत दुसऱ्या कोणा भारतीयाला एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळाले नव्हते. तो योग १९९६ साली लिएंडर पेस यांच्या रूपाने आला. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मरणोत्तर मिळाला, दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागारास २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. गुरूचे ऋण शिष्याने स्वतःच्या हयातीत फेडले. समाजाला मात्र त्याचे ऋण फेडण्यास त्याच्या पश्चात सवड सापडली.