भजनातील पेटी आणि मावळचा पाऊस

भात्याच्या हवेने धातूच्या पातळ पट्ट्या निनादवणाऱ्या वाद्यांचे कूळ युरोपात एकोणिसाव्या शतकात वाढले. व्हिएन्नात सिरिल डेमियनने १८२९ मध्ये अकॉर्डियनचे, तर पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. खांद्याला अडकवायचे अकॉर्डियन मुंबईच्या चित्रपटसंगीतात रमले. मराठी लोकसंगीताने आपलीशी केली ती हार्मोनियम, म्हणजेच बाजाची पेटी. मूळ वाद्याचा भाता पायाने चाले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हाताने चालणारा केला आणि मांडी घालून बसणाऱ्या वादकाची सोय झाली.

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहू-आळंदीकडे जाते. या खोऱ्यातील संगीत मुख्यतः वारकरी भजनाचे. चालत्या दिंडीत वीणा, टाळ आणि मृदंग यांचेच राज्य. पेटीची खरी जागा देवळातल्या बैठ्या भजनात आणि हरिनाम सप्ताहातील कीर्तनात. वीणा आधारस्वर देते, पेटी मात्र चालच वाजवते. बुवांनी म्हटलेले चरण टाळकरी उचलतात तेव्हा नवख्यालाही तिचा आधार मिळतो. तमाशात तुणतुण्याचा एकच स्वर पुरत असे. संगीतबारीत मात्र पेटीवाल्याला मानाचे स्थान मिळाले.

पेटीवर आक्षेपही जुनेच आहेत. तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे बारा ठरीव स्वर श्रुतींशी पुरते जुळत नाहीत. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर घातलेली बंदी १९७१ मध्ये उठली. गावच्या भजनी मंडळांना या वादाशी कधीच फारसे कर्तव्य नव्हते, आणि ते योग्यच म्हणावे लागेल. गळ्यातली मींड पेटीने अडवलेली नाही.

मावळात पेटीचा खरा शत्रू पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. दमट हवेने लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर हिरवट गंज चढून स्वर उतरतो. दुर्दैवाने आषाढी आणि श्रावणातले सप्ताह, म्हणजे पेटीच्या कामाचे दिवस, नेमके पावसाळ्यातच येतात. उतरलेला सूर तासून पुन्हा जुळवणे हे तयार कानाचे काम आहे. विजेवरच्या कीबोर्डला ती कटकट नाही. मात्र वीज गेली की तो मुका होतो. ओली पेटी कडक उन्हात ठेवू नये, सरस सुटतो. झाकण उघडून सावलीत वाऱ्याला ठेवावी.