हे सगळं कुणी केलं?

वडील शेवटचे तीन महिने अंथरुणाला खिळून होते. एका रात्री त्यांनी विचारले, "हे सगळं कुणी केलं रे? आणि कशासाठी?" मी तेव्हा नाशिकच्या लेण्यांवर आणि शिलालेखांवर पंधरा-वीस वर्षे वाचत होतो. नोकरी छापखान्यातली, इतिहासाची पदवी नाही; जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलांवर. मी उत्साहाने नासदीय सूक्तापासून महास्फोटापर्यंत सांगत सुटलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "माहिती नको रे," आणि कूस बदलली.

दहाव्या दिवशी रामकुंडावर गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. हा संकल्प आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो, पण लक्ष देऊन क्वचितच. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराह कल्प, सातवे वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग, त्याचाही पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचा तीर. शेवटी संवत्सर, मास, तिथी, गोत्र आणि माझे नाव. पुराणांच्या हिशेबाने एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे, आणि तो ब्रह्मदेवाचा फक्त एक दिवस. पिंडदानासाठी दर्भ हातात धरलेल्या माणसाला हे आकडे कशाला? क्रिया संपल्यावर मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "काही करण्याआधी आपण कुठं उभे आहोत ते सांगावं लागतं."

या वाक्याने माझ्या वाचनाची दिशा बदलली. विश्वाच्या उत्पत्तीची कथा हा धर्मांनी केलेला भूगर्भशास्त्राचा कच्चा प्रयत्न, असे मी तोवर मानत होतो. पण कथेचा रोख मागे नसून पुढे असतो. जग कसे झाले हे सांगून ती माणसाला सांगते, तू आता काय करायचेस. हे पडताळून पाहायला मला नाशिकबाहेर जावे लागले नाही.

शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगर आहे. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात ते छापले. उषवदाताने तीन लाख गाई दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना गावे दिली. आणि त्याच हाताने भिक्खूंसाठी हे लेणे कोरवून घेतले. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण महिना एक टक्का व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. सृष्टी कुणी केली, यावर ब्राह्मण आणि भिक्खू यांचे जमणारे नव्हते, पण दात्याला त्याची अडचण वाटलेली दिसत नाही.

या लेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंचा गुरू तर या प्रश्नाला उत्तरच देत नसे. जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, असे मालुंक्यपुत्ताने विचारले तेव्हा बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसले, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे तो म्हणाला, तर उत्तर मिळण्याआधीच मरेल. "माहिती नको" म्हणणारे माझे वडील मला इथे आठवले.

शेजारच्या अकराव्या लेण्यात पुढच्या काळात जैनांनी ऋषभदेवांची मूर्ती कोरली. जैन मताने लोक अनादी आहे. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्ये कुणी घडवलेली नाहीत. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातल्या जिनसेनाने 'आदिपुराणा'त कर्त्याच्या कल्पनेवर तर्काचे घाव घातले: ईश्वर परिपूर्ण असेल तर त्याला जग करण्याची इच्छा का व्हावी? त्याच पुराणाचे नायक ऋषभदेव. त्यांनी जग निर्माण केले नाही. माणसांना शेती, लेखन, व्यापार, शिल्प शिकवले. कर्ता नाही म्हटल्यावर दोष द्यायलाही कुणी उरत नाही. आपले कर्म आपल्याकडेच राहते.

ही उत्तरे पोथीत राहिली असती तर निरुपद्रवी ठरली असती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दोन सूक्ते आहेत. १२९वे नासदीय सूक्त शेवटी शंका घेते की, वरून पाहणाऱ्यालाही हे कदाचित ठाऊक नसेल. ९०वे पुरुषसूक्त मात्र विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्णांची जागा ठरवून देते. समाजाने व्यवहारासाठी दुसरे उचलले. रामकुंडापासून पाच मिनिटांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. १९४६ साली शूद्रांच्या उगमावर ग्रंथ लिहिताना त्यांनी सुरुवातीलाच पुरुषसूक्ताची चिकित्सा केली. बुद्धांनीही 'अग्गञ्ञ सुत्ता'त दोन ब्राह्मण तरुणांना हेच समजावले होते: ब्रह्म्याच्या मुखातून कुणी जन्मत नाही, आणि वर्ण हे माणसांच्या कामांतून पडलेले भेद आहेत.

तिसरे उत्तर शरणपूरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ही वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. एकाच देवाने शून्यातून जग केले आणि माणसाला आपल्या प्रतिमेत घडवले, हे बायबलचे पहिले प्रकरण त्यांनी नाशकात ऐकले. बाजारात किंमत ठरलेल्या मुलाच्या कानी हे वाक्य कसे पडले असेल! मिशनच्या व्यवहारात ती समता नेहमी उतरली असे नाही, पण वाक्य त्यांच्यापाशी राहिले. यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७३ मध्ये लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या प्रवासात होता आणि पुढच्या वर्षी त्याचे शव घेऊन वेस्टमिन्स्टरपर्यंत गेला.

जुन्या नाशकातल्या बडी दर्ग्यात गुरुवारी गर्दी असते. तिथे सगळ्या धर्मांची माणसे येतात. कुराणात अल्लाह 'कुन', म्हणजे 'हो', म्हणतो आणि सारे होते. सूफी त्यापुढे 'कशासाठी'चेही उत्तर देतात: तो दडलेला खजिना होता, आपल्याला कुणी ओळखावे असे त्याला वाटले, म्हणून सृष्टी.

यांतले खरे कोणते, हे ठरवणारा मी नव्हे. पण उगमाची कोणतीही कथा ऐकली की आता मी तिला एकच विचारतो: हिच्यामुळे कुणासाठी दार उघडले, आणि कुणासाठी बंद झाले?

वडिलांना त्या रात्री यातले काहीच हवे नव्हते, असे मला आता वाटते. मी गप्प बसून त्यांचे पाय चेपायला हवे होते. दर वर्षी श्राद्धाला रामकुंडावर जातो. गुरुजी परार्धापासून सुरू करतात, आणि माझे नाव येईपर्यंत मी लक्ष देऊन ऐकतो.