तारेतला दोष आणि त्याचा शोध



घरातले इंटरनेट अधूनमधून तुटते, ही तक्रार इतकी घरगुती आहे की तिला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मोडेमवरचा दिवा लुकलुकतो, विझतो आणि पाच मिनिटांनी आपोआप पुन्हा लागतो. तक्रार नोंदवावी, तर पलीकडून उत्तर येते, ‘इथून लाइन ठीक दिसते.’ आणि लाइनमन दारात येऊन उभा राहावा, तर नेमके त्याच घटकेला सारे सुरळीत चाललेले असते! सर्वस्वी बंद पडलेली तार दुरुस्त करणे सोपे. क्षणात बिघडणारी आणि क्षणात सुधारणारी तार मात्र भल्याभल्यांची परीक्षा पाहते. ही परीक्षा आजची नाही. गेली दीडशेहून अधिक वर्षे माणूस तारेतला दोष शोधीत आला आहे, आणि त्या शोधाची कथा आपल्या घरातल्या तारेपर्यंत येऊन पोचते. ती कथा आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

आरंभ अटलांटिक महासागराच्या तळापासून करू. आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली तार ऑगस्ट १८५८ मध्ये टाकून पुरी झाली. दोन्ही किनाऱ्यांवर घंटा वाजल्या, तोफा झाल्या. पण व्हिक्टोरिया राणीचा शंभराच्या आत शब्दांचा संदेश पलीकडे पोचवायला सुमारे सोळा तास लागले. अक्षरे एकमेकांत मिसळत, पुसट होत, पुन्हापुन्हा मागवावी लागत. कंपनीचा विद्युत्-तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हा मूळचा शस्त्रवैद्य. संदेश नीट जात नाही, तर अधिक जोराने ढकला, असा त्याचा खाक्या. त्याने मोठमोठी वेटोळी लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब त्या दुबळ्या तारेवर घातला. सप्टेंबरच्या आरंभी तार मुकी झाली.

कंपनीच्या संचालकांतच ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन होते. पुढे ते लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले. समुद्राखालच्या लांब तारेत संकेत का रेंगाळतो, याचे गणित त्यांनी अगोदरच मांडले होते. तारेची लांबी दुप्पट झाली, तर रेंगाळणे चौपट होते, असा त्याचा निष्कर्ष. त्यांचे म्हणणे असे की, तांबे जाड घ्या, दाब कमी ठेवा आणि टोकाला अतिशय नाजूक यंत्र बसवा. एका चिमुकल्या आरशावर दिव्याचा किरण पाडून, त्याच्या हालचालीवरून क्षीण प्रवाहही वाचणारे यंत्र त्यांनी स्वतः तयार केले. व्हाइटहाउसला ते गणित मान्य नव्हते. अखेर कंपनीने त्याला काढून टाकले. पण तार काही परत आली नाही.

या एका महिन्याच्या आयुष्यातही त्या तारेने एक काम केले, आणि त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन पलटणींना मायदेशी निघण्याचा हुकूम गेला होता. तो हुकूम रद्द झाल्याचे तारेने वेळेवर कळले आणि सुमारे पन्नास हजार पौंडांचा खर्च वाचला, असे सांगतात. तारेची किंमत सरकारला तेव्हा कळली. पण घाईही त्याबरोबर आली. सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत १८५९-६० मध्ये दुसरी तार टाकली गेली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. ही तार अल्पावधीतच निकामी झाली. सरकारने भांडवलावर व्याजाची हमी दिलेली असल्यामुळे मेलेल्या तारेवरचे व्याज पुढे पन्नास वर्षे भरीत बसावे लागले!

दोन मोठ्या तारा बुडाल्या, तेव्हा चौकशी समिती बसली. तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. दोष एकट्या व्हाइटहाउसच्या दाबाचा नव्हता. तार घाईने बनविली होती. तिच्यावरचे गटापर्चाचे वेष्टन ठिकठिकाणी कच्चे होते. पुरती तपासणी झालीच नव्हती. जोराने झाले एवढेच की, कच्ची जागा लवकर फुटली. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युत्-रोधाचे एकक ठरविण्यासाठी समिती नेमली. आज शाळेतला मुलगा ज्याला ‘ओहम’ म्हणतो, ते माप तारेतला दोष शोधण्याच्या निकडीतून रूढ झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यामागची युक्ती साधी आहे. तारेच्या दर मैलाचा रोध किती, हे आधी मोजून ठेवावयाचे. मग तार मध्येच फाटून समुद्राच्या पाण्याला भिडली आणि किनाऱ्यावरून मोजलेला रोध निम्माच भरला, तर दोष निम्म्या वाटेवर आहे, असे समजावयाचे. प्रत्यक्षात फाटलेल्या जागेचाही स्वतःचा रोध असतो, म्हणून पुढे अधिक बारीक रीती निघाल्या. पण मूळ तत्त्व हेच. किनाऱ्यावर बसलेला माणूस समुद्राच्या तळाशी असलेली जखम कोठे आहे, हे सांगू लागला. १८६६ च्या अटलांटिक तारेत तांबे आधीच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे होते, आणि ती तार टाकताना सारखी मोजली जात होती. तीच ‘ग्रेट ईस्टर्न’ बोट फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनकडे तार सोडीत निघाली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

आता समुद्रावरून जमिनीवर येऊ. १८७६ मध्ये बेलचा टेलिफोन आला. १८८२ मध्ये मुंबईत एक्स्चेंज सुरू झाले. टेलिफोनच्या तारेला नवाच रोग जडला. लांब अंतरावर आवाज नुसता मंद होत नसे, तो विद्रूप होई. याचे उत्तर ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाने १८८७ मध्ये दिले. हा एके काळचा तारबाबू. पदवी नाही, नोकरी नाही, गणित स्वतःच शिकलेला. त्याने दाखविले की, तारेत ‘प्रवर्तन’ नावाचा गुण योग्य प्रमाणात वाढविला, तर आवाज स्पष्ट राहील. पोस्ट खात्यातले वजनदार अधिकारी विल्यम प्रीस यांच्या मते प्रवर्तन हाच तर रोग! हेविसाइडचा भाऊ त्याच खात्यात नोकरीला. दोघा भावांनी मिळून लिहिलेल्या निबंधाला परवानगी नाकारण्यात आली. पुढे १९०० च्या सुमारास अमेरिकेत प्यूपिन आणि कॅम्पबेल यांनी तारेवर ठराविक अंतराने वेटोळी बसविण्याची रीत पक्की केली. सुमारे सहा हजार फुटांवर एक वेटोळे, अशी ती पुढे रूढ झाली. हेविसाइडने पेटंट घेतलेच नव्हते. पैसा दुसऱ्यांना मिळाला.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. डीएसएल म्हणजे टेलिफोनच्याच तांब्याच्या जोडतारेवरून इंटरनेट आणण्याची पद्धत. माणसाचा आवाज सेकंदाला सुमारे चार हजार कंपनांच्या आत मावतो. त्याच्या वरची सारी जागा तारेवर रिकामी पडलेली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर संस्थेत जोसेफ लेचलायडर यांनी सुचविले की, घराकडे येणारा प्रवाह मोठा आणि घरातून जाणारा लहान ठेवला, तर या जागेचा उत्तम उपयोग होईल. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी यांनी ती जागा २५६ बारीक पट्ट्यांत विभागण्याची रीत पुढे नेली. मोडेम प्रत्येक पट्टी मोजतो; जी स्वच्छ तिच्यावर जास्त भार टाकतो, जी गोंगाटाची तिच्यावर कमी. परंतु प्यूपिनची वेटोळी चार हजारांवरचे सारे काही अडवितात! ज्या औषधाने टेलिफोन वाचला, तेच डीएसएलच्या मार्गातला रोग ठरले, आणि अमेरिकेत जुन्या तारांवरची वेटोळी शोधशोधून काढावी लागली. तसेच फाट्यांचे. एके काळी दुसऱ्या घरासाठी काढलेला आणि तोंड उघडे राहिलेला तारेचा फाटा टेलिफोनला मुळीच त्रास देत नाही. डीएसएलचा संकेत मात्र त्यात शिरतो, टोकावर आपटून परत येतो आणि मूळ संकेतातच गोंधळ करतो. जमिनीखालच्या जुन्या केबलींत तारांभोवती कागद असे. जोडात पाणी शिरले की तो भिजे आणि पावसाळ्यात टेलिफोन खरखरू लागे. जेथे आवाज नुसता खरखरतो, तेथे इंटरनेट तुटते. तात्पर्य, आपल्या घरात येणारी तार म्हणजे तिच्यावर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीचा साठा आहे. ती दुरुस्त करणाराला इतिहासकार व्हावे लागते.

अलीकडचे एक उदाहरण सांगतो. वेल्समधल्या अबेरहोसान या खेड्यात सुमारे दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता साऱ्या गावाचे इंटरनेट कोलमडे. कारागिरांनी केबल बदलली, तरी गुण आला नाही. अखेर ते पहाटेपासून गोंगाट मोजणारे यंत्र हातात घेऊन गावभर फिरले. सातच्या ठोक्याला एका घरातून मोठा विद्युत्-गोंगाट उठला. त्या घरात एक जुना टेलिव्हिजन रोज सातला लावला जात होता! हे सारे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या घरच्या माणसांना याची गंधवार्ता नव्हती. कळताच त्यांनी तो पुन्हा न लावण्याचे कबूल केले. केबल नवी घालणे हा जोराचा उपाय होता. ‘रोज सातला’ ही गावकऱ्यांची साक्ष हा खरा पुरावा होता.

आपल्या घरीही हीच रीत लागू पडते. पहिली गोष्ट, वाट विभागावी. संगणक तारेने मोडेमला जोडून पाहावा. तुटणे थांबले, तर दोष घरातल्या वायफायचा. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा स्थिर असून पाने उघडत नसतील, तर आपली तार निर्दोष असून खोट पुढे कोठेतरी आहे. दिवाच विझत असेल, तर घरातले सर्व टेलिफोन आणि जोडण्या सोडवून तार जेथे घरात शिरते, तेथील पहिल्या जागेवर मोडेम लावावा. तेथे टिकला, तर दोष आतल्या वायरिंगचा किंवा टेलिफोनच्या फिल्टरचा. तेथेही तुटला आणि दुसरा मोडेम लावूनही तुटला, तर बाहेरचा. दुसरी गोष्ट, वेळ लिहून ठेवावी. पाऊस पडल्यावर तुटते की टेलिफोन वाजल्यावर, पंप चालू झाल्यावर की रात्री? मोडेमच्या पानावर ‘ॲटेन्युएशन’ आणि ‘नॉइज मार्जिन’ हे आकडे डेसिबलमध्ये दिसतात. पहिला मुख्यतः एक्स्चेंजपासूनचे अंतर सांगतो आणि सहसा बदलत नाही. दुसरा सहाच्या फार खाली घसरू लागला, की तुटण्याची वेळ आली. तो ठराविक वेळी घसरला तर बाहेरचा गोंगाट, पावसात घसरला तर ओला जोड, असा संशय धरावा. तिसरी गोष्ट, वैतागून मोडेम वारंवार बंद-चालू करू नये. काही ठिकाणी एक्स्चेंजमधली यंत्रणा अशी तार अस्थिर समजून तिचा वेग आपण होऊनच उतरविते. हा व्हाइटहाउसचाच खाक्या!

असो. आता अनेक देशांत तांब्याच्या तारा निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी काचतंतू येत आहेत. त्यांतही दोष निघतील आणि ते शोधण्यासाठी प्रकाशाचा किरण सोडून त्याचे परत येणे मोजले जाते. साधन बदलले, रीत तीच राहिली. या साऱ्या इतिहासात व्हाइटहाउसचा दाब, प्रीस यांचा अधिकार आणि ‘इथून ठीक दिसते’ हे उत्तर एकाच माळेचे मणी आहेत. तिन्ही ठिकाणी मोजण्याच्या आधीच निकाल दिलेला असतो. त्याची किंमत मात्र तारेच्या टोकाशी बसलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून पुढच्या वेळी तक्रार करताना नुसते ‘नेट चालत नाही’ असे सांगू नका. केव्हा तुटते, कोठल्या जोडणीवर तुटते आणि त्या वेळी आकडा किती होता, हे कागदावर लिहून लाइनमनच्या हाती द्या. दोष त्याला सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.