वाफेची पिशवी

गेला आठवडाभर घरात एकच चर्चा: व्हेपोरायझर कुठला घ्यायचा? नवऱ्याला एमएस आहे, आणि इथे जर्मनीत मार्च २०१७ पासून डॉक्टर गांजाची फुलं चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात. हे वाचून पुण्याच्या मावशीने कपाळावर हात मारला असेल! पण मावशी, हा धूर नव्हे, वाफारा. ओव्याचा नाही, इतकंच.

टुटलिंगेन हे गाव शस्त्रक्रियेच्या अवजारांसाठी प्रसिद्ध. तिथल्याच ‘श्टोर्त्स अँड बिकेल’चा ‘व्होल्केनो’. कल्पना मार्कुस श्टोर्त्सची, १९९० च्या दशकातली: वनस्पती जाळायची नाही, तिच्यातून नुसती गरम हवा सोडायची आणि वाफ पिशवीत भरायची. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डोनाल्ड एब्रम्स यांचा १८ जणांवरचा अभ्यास आला. रक्तात औषध ओढण्याइतकंच पोचलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र जेमतेम वाढला.

आता प्रश्न, नवा की जुना? २०१९ च्या ‘हायब्रिड’ला पिशवीबरोबर नळीही आहे, पण बटणं स्पर्शाची. नवऱ्याची बोटं थरथरतात, एकाच्या जागी तीनदा लागतात. जुन्या ‘क्लासिक’ला चांगला जाडजूड गोल खटका, रेडिओसारखा फिरवायचा. आणि पिशवीच्या तोंडाला झडप. ओठांनी दाबेपर्यंत वाफ आतच राहते. तो दमला तर पिशवी थोडा वेळ थांबते.

यंत्राकडून आणखी काय हवं? ‘क्लासिक’ मागवलाय. परवा येईल.