घाटमाथ्यावरचे अन्न : गगनबावड्याचा नाचणा, ताक आणि रान

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर, जेथे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, तेथे गगनगडाच्या पायथ्याशी गगनबावडा वसला आहे. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावरच्या या गावात तो पाच हजारांच्या वर जातो. एवढ्या पावसात उताराची माती धुऊन जाते, जांभा दगड उघडा पडतो आणि ज्वारी-गव्हासारखी देशावरची पिके तग धरू शकत नाहीत. या मुलखातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या काय खात आली, हे आवडीपेक्षा या पावसाने आणि उताराने ठरवले.

खालच्या कुंभी नदीच्या खोऱ्यात भाताची खाचरे होती. वर वरकस जमीन, म्हणजे पाणी न धरणारी, हलकी, चढावरची जमीन होती. या जमिनीवर कुमरी पद्धतीने शेती होई : झाडोरा तोडून जाळायचा, राखेत पहिल्या वर्षी नाचणा, पुढे वरी किंवा कारळा घ्यायचा आणि दोन-तीन पिकांनंतर ती जागा अनेक वर्षे रानासाठी सोडून द्यायची. नाचण्याचा मोठा गुण असा, की नीट वाळवलेला दाणा कणगीत, म्हणजे शेणाने लिंपलेल्या बांबूच्या साठवणीत, कित्येक वर्षे कीड न लागता टिकतो. चार महिने वाटा बंद करणाऱ्या पावसात चवीपेक्षा हा गुण अधिक मोलाचा होता. तांदूळ सणाला आणि पाहुण्याला, रोजची भाकरी नाचण्याची, अशी सर्वसाधारण वाटणी होती.

पोषणशास्त्राने पुढे या धान्याचे जे मोजमाप केले, ते लक्षणीय आहे. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात ते जेमतेम दहा मिलिग्रॅम भरते. शिवाय कोंड्यासह दळल्यामुळे तंतुमय भाग पोटात जातो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. मात्र या धान्यात फायटेट नावाचे द्रव्यही असते, जे कॅल्शियम आणि लोह यांना बांधून ठेवते व शरीराला मिळू देत नाही. पीठ रात्रभर आंबवून केलेल्या आंबिलीत आणि मोड आणून काढलेल्या सत्त्वात हे बंधन बरेच सैल होते. घरातल्या बायकांनी ही कृती प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी रूढ केली होती, तीही लहान मूल, बाळंतीण आणि आजारी माणूस यांच्यासाठी विशेष करून.

नाचण्याच्या जोडीला जे होते, ते तितकेच महत्त्वाचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी धनगर आणि खोऱ्यात शेती करणारे कुणबी यांच्या जीवनक्रमाचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी केला व तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. गवळी धनगर लोणी विकून किंवा देऊन धान्य घेत आणि ताक घरी ठेवत. म्हणजे बाजारात स्निग्धांश जाई आणि प्रथिने चुलीपाशी राहत. नाचण्यात लायसिन या आवश्यक घटकाची उणीव असते, ती ताक आणि हुलगा भरून काढत. एकाच धान्यावर राहण्याची किंमत दख्खनच्या इतर भागांनी मोजली आहे : हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी, १९६० मध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा या रोगाकडे लक्ष वेधले. या रोगात कातडी सोलते, पोट बिघडते आणि पुढे उदासी, भ्रम व स्मृतिनाशही होतो. अन्नाच्या उणिवेने मन कसे ढासळते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

उरलेला भाग रानाने आणि घाटवाटेने पुरवला. पावसाच्या तोंडाशी भारंगी, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब, त्याआधी करवंदे, जांभळे, फणस आणि साठवून ठेवलेल्या आठळ्या; कोकणातून चढून येणारे मीठ, आमसूल आणि सुकी मासळी. समुद्री मासळीत आयोडीन असते, जे पावसाने धुतलेल्या डोंगरी मातीत कमी पडते आणि ज्याच्या अभावी मुलांची बुद्धी खुंटते. तेव्हा घाट उतरून-चढून होणारा हा व्यापार केवळ चवीचा नव्हता. फळझाडांची दखल राज्यकर्त्यांनीही घेतली होती. गगनबावड्याची जहागीर पंत अमात्यांच्या घराण्याकडे होती. त्या घराण्यातील रामचंद्रपंत यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असा आदेश आहे. फळझाड रयतेसाठी किती मोलाचे आहे, हे राज्यकर्ते ओळखून होते, असे त्यातून दिसते.

तथापि या आहाराचे गोडवे गाताना आषाढ-श्रावण विसरणे योग्य नव्हे. जुने धान्य संपत आलेले, नवे शेतात हिरवे, वाटा बंद. अशा दिवसांत पातळ पेज आणि रानभाजी हा नाइलाज होता, निवड नव्हती. माणसे काटक दिसत, त्याचे श्रेय अन्नाइतकेच चढ-उताराच्या कष्टाला द्यावे लागते आणि भुकेची धास्ती मनाला काही आरोग्य देत नाही.

बदल बाहेरून आला. जंगलखात्यांनी कुमरी शेती आवळली, पुढे खोऱ्यात पाणी आल्यावर ऊस वाढला आणि स्वस्त धान्य दुकानांनी गहू-तांदूळ वाडीवस्तीवर पोहोचवला. उपासमार हटली, ही मोठी गोष्ट झाली. पण ताक, हुलगा आणि रानभाजी दुकानातून मिळत नव्हती, त्यामुळे पोट भरले आणि ताट अरुंद झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतून नाचण्याला मागणी होती. त्याच्या दहा वर्षे आधीच्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र तांदळाचा भाव किलोला ३ रुपये, गव्हाचा २ रुपये आणि भरडधान्याचा १ रुपया असा ठरला होता.