घटसर्प : निदान व उपचार यांचा इतिहास

घटसर्प किंवा डिप्थीरिया हा कॉरिनेबॅक्टिरियम डिप्थीरी या दंडाकार सूक्ष्मजंतूमुळे होणारा, मुख्यतः घशाचा तीव्र संसर्गजन्य रोग होय. गिलायू, पडजीभ व घशाची मागील भिंत यांवर करड्या-पांढऱ्या रंगाचा, घट्ट चिकटलेला पापुद्रा येतो. तो ओढून काढल्यास रक्तस्राव होतो. पापुद्रा स्वरयंत्रात उतरला तर मूल गुदमरते. त्यातून वाचलेला रोगी पुढील काही आठवड्यांत हृदयाच्या स्नायूंच्या विकाराने दगावू शकतो. किंवा मऊ टाळू लुळी पडून त्याचा आवाज अनुनासिक होतो व प्यालेले पाणी नाकावाटे परत येते. गुरांचा घटसर्प हा मात्र निराळ्या जंतूमुळे होणारा स्वतंत्र रोग असून दोहोंत नामसादृश्यापलीकडे संबंध नाही.

घशात पांढरा थर दिसणे हे लक्षण अनेक विकारांत आढळते. साध्या गिलायुशोथातही गिलायूंवर पिवळसर ठिपके दिसतात, तान्ह्या मुलांच्या मुखात बुरशीमुळे दह्यासारखे पांढरे चट्टे पडतात व ते सहज पुसले जातात. लोहितांग ज्वरात घसा लालबुंद होऊन त्यावर थर साचतो. या गर्दीतून घटसर्प वेगळा काढण्यास वैद्यकाला अनेक शतके लागली आणि तो वेगळा काढता येईपर्यंत कोणत्याही उपचाराचे मूल्यमापन करणे शक्य नव्हते.

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ दिली असून त्यांपैकी १७ कंठाचे आहेत. त्यांतील ‘रोहिणी’ या रोगात कंठाचा अवरोध करणारे मांसांकुर उत्पन्न होऊन ते प्राणघातक ठरतात, असे वर्णन आहे. अनेक आधुनिक भाष्यकारांनी रोहिणी म्हणजेच घटसर्प असे मानले आहे. वर्णनातील साम्य लक्षणीय असले, तरी केवळ लक्षणांवरून असे समीकरण निश्चित मांडणे धाडसाचे होय. कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटीअस याने घशातील घातक व्रणांचे जे वर्णन केले आहे, त्यालाही हीच मर्यादा लागू पडते. स्पेनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांत या रोगाला ‘गारोतीयो’ म्हणत. गळा आवळून देहदंड देण्याच्या साधनावरून हे नाव पडले असून १६१३ हे वर्ष तेथे याच नावाने ओळखले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गुदमरून मरणाऱ्या मुलांचा रोग ‘क्रूप’ या नावाने स्वरयंत्राचा वेगळा विकार समजला जाई. नेपोलियनचा लहान पुतण्या १८०७ मध्ये क्रूपने मरण पावला, तेव्हा बादशहाने या रोगावरील उत्तम निबंधास १२,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. निबंध पुष्कळ आले, परंतु रोगाचे कोडे सुटले ते फ्रान्समधील तूर या गावी. तेथील वैद्य प्येअर ब्रतोनो याने १८१८ पासून सुरू झालेल्या साथीत अनेक शवविच्छेदने केली व घशातील पापुद्रा अखंडपणे स्वरयंत्रात आणि श्वासनालात उतरतो, हे दाखविले. घशाचा ‘कुजणारा’ रोग व क्रूप हे दोन रोग नसून एकाच रोगाच्या दोन जागा आहेत, हा त्याचा निष्कर्ष होता. कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने १८२६ मध्ये रोगाचे नामकरण केले. त्यापूर्वी, १८२५ मध्ये, आधीचे प्रयत्न असफल होऊनही त्याने एका चार वर्षांच्या मुलीच्या श्वासनालास छेद देऊन तिचे प्राण वाचविले. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो याने पॅरिसमध्ये ही शस्त्रक्रिया रूढ केली. पुढे न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर याने छेद न देता तोंडातून स्वरयंत्रात नळी बसविण्याची पद्धत १८८५ च्या सुमारास प्रसिद्ध केली. हे दोन्ही उपाय वाट मोकळी करणारे होते. रोगावर त्यांचा परिणाम होत नसे. राणी व्हिक्टोरियाची कन्या ॲलिस हिने १८७८ मध्ये आपल्या आजारी कुटुंबाची शुश्रूषा केली. प्रथम तिची चार वर्षांची मुलगी गेली आणि महिन्याभरात ती स्वतःही. राजवैद्यांपाशीही तेव्हा निश्चित असा उपाय नव्हता.

पापुद्र्यातील जंतू एडविन क्लेप्स याने १८८३ मध्ये पाहिले व फ्रीड्रिख लफ्लर याने १८८४ मध्ये त्यांची शुद्ध वाढ केली. लफ्लरच्या निबंधाचे मोल त्यातील प्रांजळपणात आहे. काही रुग्णांत आपल्याला जंतू सापडले नाहीत आणि एका निरोगी मुलाच्या घशात ते सापडले, हे त्याने लपविले नाही. यांतील दुसऱ्या निरीक्षणातून रोगवाहकाची कल्पना उदयास आली. शिवाय जंतू घशातच राहतात, मात्र हानी दूरच्या इंद्रियांची होते, यावरून त्याने विषाचा तर्क केला. एमील रू व आलेक्सांद्र येर्सँ यांनी १८८८ मध्ये जंतुविरहित गाळलेल्या द्रवानेच प्राण्यांत रोग उत्पन्न करून तो सिद्ध केला. एमील बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्यांच्या रक्तरसात विष निष्प्रभ करणारे द्रव्य, म्हणजे प्रतिविष, असल्याचे दाखविले. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मात्र एकट्या बेरिंगला मिळाले.

रू याने घोड्यांपासून मोठ्या प्रमाणावर रक्तरस मिळवून तो १८९४ मध्ये पॅरिसच्या बालरुग्णालयात वापरला. तेथील घटसर्प विभागात पूर्वी सुमारे ५२ टक्के मुले मरत. फेब्रुवारी ते जुलै या काळात दाखल झालेल्या ४४८ मुलांपैकी १०९, म्हणजे सुमारे २४ टक्के, मरण पावली. रक्तरस न वापरणाऱ्या दुसऱ्या रुग्णालयात त्याच काळात हे प्रमाण सुमारे ६० टक्के होते. प्रत्येक मुलाच्या घशातील स्रावाचे संवर्धन करून खरा घटसर्प निश्चित करण्यात येई, हे या कामाचे वैशिष्ट्य होय. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने १८९३ मध्येच औषधांच्या दुकानांतून संवर्धननलिका ठेवून तपासणी विनामूल्य केली होती. तरीही संशय उरला, कारण साथींची तीव्रता आपोआप कमी-अधिक होते. कोपनहेगन येथे योहानेस फीबिगर याने १८९६-९७ मध्ये एक दिवसाआड दाखल होणाऱ्या रुग्णांनाच रक्तरस दिला. रक्तरस मिळालेल्या २३९ पैकी ८, तर न मिळालेल्या २४५ पैकी ३० रुग्ण मरण पावले. नियंत्रित चाचणीच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचे स्थान आहे.

उपचाराला त्याचे धोकेही होते. १९०१ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे धनुर्वाताने दूषित झालेल्या अश्वरक्तरसामुळे १३ मुले दगावली आणि पुढच्याच वर्षी जैव औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा तेथे झाला. शरीरात कोशिकांना जोडले गेलेले विष प्रतिविषाने सुटत नाही. म्हणून दर दिवसाच्या विलंबाने त्याची उपयुक्तता घटते. संवर्धनाचा निकाल येण्याची वाट न पाहता केवळ संशयावरून ते द्यावे, हा नियम याच अनुभवातून आला. पेनिसिलीन व एरिथ्रोमायसीन जंतूंचा नाश करून प्रसार थांबवितात. पसरलेल्या विषावर त्यांचा इलाज चालत नाही.

प्रतिबंधाची खरी वाट १९२३ मध्ये मोकळी झाली. इंग्लंडमध्ये ग्लेनी व फ्रान्समध्ये गास्तों रामाँ यांनी फॉर्मॅलिनच्या साहाय्याने विषाचा घातकपणा काढून घेतलेले विषाभ तयार केले. ते डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लशींबरोबर त्रिगुणी लशीत समाविष्ट झाले. भारतात १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम व १९८५ मध्ये सार्वत्रिक कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्राचा यात वाटा आहे. पुण्याजवळील पूनावाला घराण्याच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला रक्तरसासाठी दिले जात. त्याच व्यवहारातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली व ती त्रिगुणी लशीची मोठी उत्पादक बनली.

लसीने रोग विरळ केला, तशी त्याची ओळखही विरळ झाली. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर लसीकरण ढासळून १९९० नंतरच्या दशकात तेथे दीड लाखाहून अधिक लोकांना घटसर्प झाला व त्यांत प्रौढांची संख्या मोठी होती. भारतातही लसीकरणाने मिळालेली प्रतिकारशक्ती काळानुसार क्षीण होत असल्याने मोठी मुले व तरुण यांत रोग आढळतो. म्हणून १० व १६ वर्षे वयाला पूरक मात्रा दिली जाते. ज्या वैद्याने पापुद्रा कधी पाहिला नाही, तो अशा रोग्याला गिलायुशोथाचे औषध देऊन घरी पाठविण्याची शक्यता असते. शिवाय मागणी अनियमित असल्याने जगात फार थोड्या संस्था प्रतिविष तयार करतात आणि उद्रेकाच्या वेळी ते पुरेसे मिळत नाही. त्याची निर्मिती अद्यापि मुख्यतः घोड्यांवरच अवलंबून आहे.