गायनाचा तास : लाहोर ते आपली शाळा

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास गायनाचा. डबे कसेबसे आवरून आपण जिन्याखालच्या त्या लांबट खोलीत शिरायचो. सतरंजी, पेटी, तबल्याची जोडी आणि कोपऱ्यात हिरव्या गवसणीतला तंबोरा. सर पेटीवर काळी दोनचा सूर धरायचे आणि पस्तीस मिनिटांत आधी सारेगम, मग पलटे, मग एखादं पद असा तास संपायचा. १९७९च्या दहावीच्या तुकडीतल्या कुणालाही विचारा, एवढं आठवतंच. पण हा तास शाळेत आला कुठून, हे आपण कधी विचारलं नाही. गणित, भूगोल शाळेत असणारच. गाणं का असावं? आपल्या पणजोबांच्या काळात चांगल्या घरच्या मुलानं ‘मी गाणं शिकतो’ म्हटलं असतं तर घरात सुतक पडलं असतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या प्रश्नाच्या मागे लागलो. स्मरणिकेसाठी आठवणी लिहायच्या त्याऐवजी इतिहास लिहितो म्हटलं, तर संपादक मंडळ हसलं. पण लिहिता लिहिता आठवणी आल्याच, त्याला माझा इलाज नाही.

या इतिहासाचं एक टोक आपल्यापासून एसटीनं दोन तासांवर आहे, मिरजेत. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुसकरांच्या डोळ्यांना लहानपणी शोभेच्या दारूनं इजा झाली. शाळेचं शिक्षण जमेना, म्हणून त्यांना मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. त्या काळचं शिकणं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा जे कानावर पडेल ते उचलायचं. पुस्तक नाही, वेळापत्रक नाही, अमुक वर्षांत अमुक येईल याची हमी तर नाहीच. बाळकृष्णबुवा स्वतः वासुदेवबुवा जोशींकडे असंच शिकले होते. या पद्धतीतून मोठे गवई तयार झाले यात शंका नाही. पण एका गवयामागे किती मुलं नुसती पाणी भरून परत गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

असं सांगतात की मिरजेतल्या एका समारंभाला पलुसकरांना आमंत्रण आलं, त्यांच्या गुरूंना मात्र आलं नाही. कारण गुरू ‘गवई’ होते. हे त्यांना फार लागलं. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. संस्थानिकांच्या आश्रयाला राहण्याऐवजी तिकीट लावून जाहीर मैफली करत ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. ते राजाच्या तिजोरीवर नव्हतं. फी, देणग्या आणि मैफलींचं उत्पन्न यांवर चालणार होतं.

पहिलेपणाचा सगळा मान लाहोरला देतात, ते मला पटत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं उस्ताद मौलाबक्षांनी १८८६ सालीच गायनशाळा काढली होती. त्यांची स्वतःची स्वरलिपी होती आणि ते ती वर्गात वापरत. म्हणजे मुलांना फळ्यासमोर बसवून गाणं शिकवण्याचं काम लाहोरच्या आधीच एका मुसलमान उस्तादानं केलं होतं. आपल्या शाळेत गुरुपौर्णिमेला पलुसकरांच्या तसबिरीला हार घालायचे. मौलाबक्षांचं नाव मी पन्नाशी उलटल्यावर वाचलं.

तरीही लाहोरला जे घडलं त्याची जात वेगळी होती. तिथे हजेरीपट आला, अभ्यासक्रम आला, परीक्षा आली. मुलींनाही शिकवायची सोय झाली. छापखाना काढून क्रमिक पुस्तकं छापली; ‘संगीत बालप्रकाश’ हे त्यातलंच. आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे उपदेशक वर्ग. त्यातल्या मुलांचं राहणं-जेवण विद्यालयाकडे, मुलांनी नऊ वर्षं शिकायचं आणि मग बाहेर पडून शिकवायचं, असा करार. गवई तयार करणारे पुष्कळ झाले. गाण्याचे मास्तर तयार करायचे, हे या माणसाच्या डोक्यात आलं. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. तिथली इमारत पुढे कर्जात गेली, पण तोवर शिष्य गावोगाव पांगले होते. विनायकराव पटवर्धन पुण्याला, बा. र. देवधर मुंबईला, ओंकारनाथ ठाकूर पुढे बनारसला. नारायण मोरेश्वर खरे १९१८ साली साबरमतीच्या आश्रमात गेले, तिथल्या मुलांना गाणं शिकवू लागले आणि आश्रमाच्या प्रार्थनांची भजनावली त्यांनी सिद्ध केली. सकाळी अकराच्या घंटेला पटांगणात रांगेत उभे राहून आपण पेटीबरोबर प्रार्थना म्हणायचो, त्या रिवाजाला अशा ठिकाणांहूनही बळ मिळालं असावं, असं मला वाटतं.

दुसरीकडे मुंबईत वकिली शिकलेले विष्णू नारायण भातखंडे उस्तादांच्या घरी जाऊन बंदिशी उतरवून घेत होते. त्यांच्या खटपटीनं १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरली, १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. बंदिशींचे सहा भाग त्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेत छापले. या दोन विष्णूंचं आपसांत फारसं जमलं नाही, आणि त्याचा परिणाम थेट आपल्या फळ्यापर्यंत पोचला.

तो असा. माझं अक्षर बरं म्हणून सर मला फळ्यावर बंदिश उतरवायला सांगायचे. भातखंड्यांच्या लिपीत खालच्या सप्तकातल्या स्वराच्या खाली टिंब असतं आणि वरच्या सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर. पलुसकरांच्या लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे खालचं सप्तक, आणि वरच्यासाठी उभी रेघ! एकदा सरांनी नेहमीच्या पुस्तकाऐवजी एक जुनं, मळक्या कापडी बांधणीचं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी भूपातली बंदिश जशीच्या तशी उतरवली. मंद्र धैवताच्या डोक्यावर टिंब. अर्धा वर्ग वरचा धैवत गाठायला निघाला आणि वाटेतच गळे चिरकले. उरलेल्या अर्ध्यानं सरळ ‘धं’ म्हटलं. सर इतके हसले की पेटीचा भाता सोडून त्यांनी डोळे पुसले. मग उरलेला तास त्यांनी दोन्ही लिप्या शेजारी शेजारी लिहून दाखवल्या. इतिहासाचा माझा पहिला तास तोच, असं आता म्हणावंसं वाटतं.

पण मी फळ्याशी का गेलो, हेही सांगायला हवं. आठवीत माझा आवाज फुटला. आंतरशालेय समूहगान स्पर्धा तोंडावर होती. तालमीला बसवायला आलेल्या एका व्यक्तीनं (सरांनी नव्हे, आणि नाव सांगण्यात आता अर्थ नाही) मला मागच्या रांगेत उभं केलं आणि म्हटलं, “तू नुसते ओठ हलव.” मी हलवले. ढाल आपल्याला मिळाली, फोटोत मीही आहे. त्यानंतर मी गायलो नाही. देवळात नाही, मुलीला झोपवताना नाही. आवाज फुटतो तो वर्ष-दीड वर्षात बसतो, तोवर खालच्या पट्टीत हलकं गात राहायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सरांना ते कळलं असावं. खडू त्यांनी त्याच महिन्यात माझ्या हातात दिला.

गंमत अशी की ही सगळी व्यवस्था उभी राहिली ती गाणं सर्वांना मिळावं म्हणून. प्रत्येक जण तानसेन होणार नाही, पण कानसेन तरी होईल, हा विचार या परंपरेत पुन्हा पुन्हा सांगितला जातो. ऑगस्ट १९३१ मध्ये मिरजेत पलुसकर गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादला जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या ठरल्या आणि खेड्यातल्या पोरीलाही मुंबईच्या पोरीचीच प्रश्नपत्रिका मिळू लागली. आपल्या वर्गातल्या चौघीजणी सांगलीच्या केंद्रावर प्रवेशिकेला बसल्या होत्या. त्यांच्या घरांत त्याआधी गाणं पाहुण्यांपुढे निघत नव्हतं. हे मोठंच काम झालं. पण परीक्षा आली की निवड आली, स्पर्धा आली की ढाल आली, आणि ढालीसाठी कुणीतरी नुसते ओठ हलवायचे असतात.

निवडीची दुसरी गोष्ट मला माझ्यापेक्षा जास्त सलते. आपल्या वर्गात एक जण होता, त्याचे वडील लग्नात सनई वाजवायचे, चुलते हलगी. गायनाच्या तासाला तो खिडकीशी बसायचा. सर दादरा देऊन मात्रा मोजायला सांगायचे तेव्हा आपण बोटं मोजत चुकायचो, आणि हा बाकाच्या कडेवर नखांनी असं काही वाजवायचा की तबल्याला बसलेला मुलगाही थांबून बघायचा. अभ्यासक्रमात त्याला कुठे जागाच नव्हती. लाहोरपासून आपल्यापर्यंत जे गाणं ‘चांगल्या घरां’साठी स्वच्छ करून आणलं, त्यात पिढीजात वाजवणारे-गाणारे, उस्ताद, कलावंतिणी, वाजंत्री दाराबाहेरच राहिले. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही. यंदाच्या मेळाव्यासाठी आपण सगळ्यांचे फोन मिळवले, त्याचा मिळाला नाही.

आणि त्याच काळात गावात गाण्याची दुसरी एक शाळा चालू होती, तिचा पट कधी नव्हता. विठोबाच्या देवळात एकादशीच्या भजनाला आजोबा मला घेऊन जायचे. पोरांच्या हातात टाळ द्यायचे. चुकलं तर शेजारचा म्हातारा नुसता गुडघ्यावर ठेका धरायचा. दोन अभंगांत हात आपोआप जागेवर यायचा. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, पण गावोगावच्या भजनाला त्याआधीही पोरं शिकतच होती. तिथे फुटक्या आवाजाचे पुष्कळ होते. कुणाला मागे उभं केलेलं मी पाहिलं नाही. आठवीनंतर मीच जायचं सोडलं.

गेल्या दिवाळीत मेळाव्याच्या तयारीसाठी शाळेत गेलो तेव्हा जिन्याखालची खोली उघडून घेतली. आता तिथे जुने बाक आणि निवडणुकीचे पत्र्याचे डबे आहेत. शाळेला गायनाचे शिक्षक पुष्कळ वर्षं नाहीत. पेटीचा भाता फाटलाय. गवसणीला कसर लागली होती, पण आतला तंबोरा जवळजवळ शाबूत निघाला. भोपळ्याला एक बारीक चीर आणि दोन खुंट्या गहाळ. आपल्यातले तिघं तो रिक्षात आडवा धरून मिरजेला घेऊन गेलो. कारागिरानं भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, “भोपळा पंढरपूरकडचा आहे, चांगला आहे. एवढी वर्षं वाजवला का नाही?”

तंबोरा दुरुस्त होऊन आलाय. मेळाव्याच्या दिवशी सकाळी सर येणार आहेत, वय शहाऐंशी. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, “प्रार्थना कुठल्या पट्टीत घेऊ या? तुमचे सगळ्यांचे आवाज आता खाली गेले असतील.” मी म्हटलं, “पांढरी एक घ्या सर.” पुढच्या रांगेत उभा राहणार आहे, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही.